महामारीत थांबलेल्या ऑपरेशनांचा हिशोब कुणाकडे आहे?

पुढच्या महामारीची तयारी म्हटलं की आपल्याकडे बेड, ऑक्सिजन आणि लस एवढ्यावरच बोलणं होतं, फार तर टेस्टिंग किटवर. ऑपरेशन थिएटरचं नावही कुणी काढत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावात चार-पाच नर्सिंग होम आणि अधूनमधून सरकारी दवाखाना असं फिरून भूल देते, त्यामुळे माझं लक्ष तिकडेच जाणार हे उघड आहे, पण तरी मला वाटतं की कोविडच्या दोन वर्षांतल्या एका गोष्टीची आपण साधी चौकशीसुद्धा केली नाही. ठरलेली ऑपरेशनं आपण सरसकट बंद केली, गरजेपेक्षा जास्त काळ बंद ठेवली आणि किती बंद केली ते कुठे लिहूनही ठेवलं नाही.

ठरलेली ऑपरेशनं म्हणजे कुठली, तर हर्निया, पित्ताशयातले खडे, बायकांचं अंग बाहेर येतं ते, मोतीबिंदू, गुडघे, पोरांचे फाटलेले ओठ. आणि कॅन्सरसुद्धा याच गटात येतो हे लोक विसरतात, कारण कॅन्सरच्या गाठीला कुणी मध्यरात्री थिएटरमध्ये नेत नाही, तारीख घेऊनच नेतात. सिझर, फुटलेलं अपेंडिक्स, ॲक्सिडेंट हे चालू राहिलं, निदान कागदावर तरी.

आधी जे बरोबर होतं ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील आता बोलायला काय जातंय. मार्च २०२० मध्ये थांबणं बरोबरच होतं. बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीकडून चालवलेल्या कोव्हिडसर्ज नावाच्या जागतिक अभ्यासाचा पहिला पेपर मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, २४ देश, २३५ हॉस्पिटलं, ११२८ पेशंट, सगळे असे की ऑपरेशनच्या आसपास कोविड निघालेला. त्यातले २३.८ टक्के ३० दिवसांच्या आत गेले. निम्म्याहून जास्त लोकांना फुफ्फुसाचं काहीतरी झालंच. आम्ही तो आकडा वाचला तेव्हा खरं सांगायचं तर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही टाइप केलं नाही. नंतर नीट वाचल्यावर कळलं की त्यातली पाऊण ऑपरेशनं इमर्जन्सीची होती, म्हणजे आधीच वाईट अवस्थेत आलेली माणसं, पण ठरवून केलेल्यांमध्येही मृत्यू १८.९ टक्के होते. हर्नियासाठी एवढी जोखीम कोण घेईल. शिवाय पीपीई किट नव्हते, एन-९५ मास्क उन्हात वाळवून परत वापरत होतो, टेस्टचा रिपोर्ट कधी येईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा थांबलो ते शहाणपणाचंच होतं.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. किती दिवस थांबायचं, कुणी थांबायचं, आणि परत सुरू करायचं ते कुणी ठरवायचं, याचं उत्तर आपल्याकडे कुणाकडेच नव्हतं. लॉकडाऊन लावायचा आदेश होता, उठवायचे टप्पे होते, दारूच्या दुकानांच्या वेळासुद्धा छापून आल्या, पण थिएटर उघडायचे टप्पे राज्याने आखून दिलेले मला तरी कधी दिसले नाहीत. प्रत्येक हॉस्पिटलने, प्रत्येक सर्जनने आपापल्या भीतीप्रमाणे आणि आपापल्या खिशाप्रमाणे ठरवलं.

याला पर्याय नव्हता असं कुणी म्हणालं तर मी टाटा हॉस्पिटलकडे बोट दाखवते. परळचं टाटा मेमोरियल, त्यावेळी अख्ख्या देशात सगळ्यात जास्त केसेस असलेल्या शहराच्या मधोमध. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे लॉकडाऊनचा सगळ्यात कडक काळ, त्यात त्यांनी कॅन्सरची ४९४ ठरवलेली ऑपरेशनं केली. ऑपरेशननंतर ६ जण पॉझिटिव्ह निघाले, मृत्यू एकही नाही. हे त्यांनी छापून जगापुढे ठेवलं. त्याच सुमाराला देशभरातल्या ४१ कॅन्सर सेंटरांचा जो अभ्यास झाला, मार्च ते मे २०२० विरुद्ध आदल्या वर्षीचे तेच महिने, त्यात मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी कमी झालेली दिसतात आणि नवीन पेशंटची नोंदणी ५४ टक्क्यांनी. कॅन्सर काही लॉकडाऊनमुळे निम्म्यावर आला नव्हता. ते पेशंट घरीच होते, गाठ घेऊन. टाटाकडे अनुभव, माणसं, पैसा सगळं आहे, त्यांच्याशी तालुक्याच्या हॉस्पिटलची तुलना होत नाही हे मला मान्य आहे, पण त्यांच्याकडे एक गोष्ट अशी होती जिला पैसा लागत नाही, ती म्हणजे निर्णय. चालू ठेवायचं, आणि कसं ते बसून ठरवायचं.

आता भुलीकडे येते, कारण थिएटर बंद पडायचं खरं कारण तिथे आहे आणि त्यावर फारसं कुणी लिहीत नाही. लोकांना वाटतं सर्जन घाबरले म्हणून ऑपरेशनं थांबली. सर्जन घाबरले असतील, आम्हीही घाबरलो होतो, पण थिएटर बंद पडलं ते भूल द्यायला माणूस उरला नाही म्हणून. व्हेंटिलेटर कुणाला चालवता येतो? श्वासनळीत नळी कोण टाकतं? बेशुद्ध माणसाला तासन् तास सांभाळायची सवय कुणाला आहे? कोविड आयसीयू उघडलं की पहिला फोन भूलतज्ज्ञाला. आमच्या जिल्ह्यात त्या काळात जेवढे भूलवाले होते तेवढे सगळे कोविड सेंटरला ओढले गेले, आणि मागे थिएटरमध्ये टेबल, लाइट, मशीन, सिस्टर, मामा, मावशी सगळं जागच्या जागी, फक्त टेबलाच्या डोक्याच्या बाजूचं स्टूल रिकामं.

याला इतिहास आहे आणि तो आमच्या लोकांना फार आवडतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, ब्लेगडॅम हॉस्पिटलात श्वास बंद पडलेले पेशंट येऊ लागले आणि पहिल्या ३१ पैकी २७ गेले. तेव्हा ऑगस्टमध्ये ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्याने थिएटरमधलं रोजचं काम वॉर्डात आणलं, बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून श्वासनळीत नळी घातली आणि हाताने बॅग दाबून श्वास दिला. मग साधारण १५०० मेडिकलची पोरं पाळ्या लावून महिनोन् महिने बॅगा दाबत बसली. आजचं आयसीयू तिथून निघालं असं मानतात. म्हणजे साथ आली की भूलतज्ज्ञ थिएटर सोडून वॉर्डात जाणार, हे सत्तर वर्षांपासून माहीत आहे. मग तो गेल्यावर थिएटर कोण चालवणार हा प्रश्न २०२० मध्ये नवीन असल्यासारखा का समोर आला?

औषधांचंही तेच. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला झोपवून ठेवायला आणि त्याचे स्नायू ढिले ठेवायला जी औषधं लागतात ती आमच्याच ट्रेमधली. साठ किलोच्या माणसाला भूल देताना प्रोपोफॉल हे झोपेचं औषध साधारण १२० मिलिग्रॅम लागतं, आयसीयूत त्याच माणसाला झोपवून ठेवायला तासाला तेवढं जातं. म्हणजे एका पेशंटच्या एका दिवसाच्या झोपेत चोवीस ऑपरेशनांची सुरुवात संपते. स्नायू ढिले करणाऱ्या ॲट्राक्युरियमचा हिशोब जवळपास तसाच पडतो. २०२० च्या पहिल्या लाटेत इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांनाही ही औषधं रेशनवर आणावी लागली. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत रेमडेसिवीरच्या रांगा टीव्हीवर दिसल्या, झोपेच्या मिडाझोलमसाठी आणि वेदना थांबवणाऱ्या फेंटानिलसाठी कुठल्या भूलतज्ज्ञाने किती स्टॉकिस्टना फोन लावले ते कुणी दाखवलं नाही.

ऑक्सिजनचा हिशोब मात्र उलटा आहे आणि तो मी मुद्दाम मांडते. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ऑक्सिजनसाठी जे झालं ते सगळ्यांना आठवतंय, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन हॉस्पिटलात २१ एप्रिलला टाकीची गळती होऊन प्रेशर गेलं आणि बावीस माणसं तिथल्या तिथे गेली, विशाखापट्टणमहून रेल्वेने टँकर आणावे लागले. अशा वेळी छोट्या नर्सिंग होमना सांगितलं गेलं की सिलेंडर वाचवा, ऑपरेशन नको. ऐकायला योग्य वाटतं. पण जंबो सिलेंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर असतो. नाकातून जोरात ऑक्सिजन देणारी हाय फ्लोची मशीन मिनिटाला ६० लिटरवर पूर्ण ऑक्सिजनने चालवली तर तो दोन तासांत रिकामा होतो. तोच सिलेंडर भुलीच्या मशीनवर गॅस परत फिरवणारं सर्किट लावून मिनिटाला १ लिटरने चालवला तर शंभर तासांच्या वर चालतो. मशीन जुनं बॉईल्स असलं आणि मिनिटाला ६ लिटर जात असला तरी एकोणीस तास. आणि कमरेतून भूल दिली, पेशंट जागा आहे, बोटाला लावलेल्या मशीनवर सॅच्युरेशन चांगलं आहे, तर बऱ्याचदा ऑक्सिजन लावायचीही गरज पडत नाही, सिलेंडर फक्त शेजारी तयार पाहिजे. म्हणजे तासातासाचे दहा हर्निया थांबवून आपण हाय फ्लोचा जेमतेम एक तास वाचवत होतो. त्या दिवसांत एक तासही कुणाचा तरी जीव होता हे मला कळतं, तरी ते कारण दहा दिवस पुरतं, दहा महिने नाही.

आता टेबलाच्या डोक्याशी काय बदललं ते थोडं सांगते, कारण भीती कशी टिकते ते त्यात दिसतं. श्वासनळीत नळी टाकताना विषाणू हवेत उडतो म्हणून ती वेळ सगळ्यात धोक्याची मानली गेली. खोलीत दोनच माणसं, बाकी सगळे बाहेर, पीपीई किटमध्ये गॉगलवर वाफ धरलेली, नीट दिसत नाही, बोललेलं ऐकू येत नाही, मास्क लावून फुगवायचं नाही, झटकन झोपवून थेट नळी. तैवानच्या एका डॉक्टरने पारदर्शक खोका बनवला, पेशंटच्या डोक्यावर ठेवायचा आणि भोकातून हात घालून नळी टाकायची. जगभर सगळ्यांनी ॲक्रिलिकच्या दुकानात जाऊन तसे खोके करून घेतले, आपल्याकडे रोटरी-लायन्सवाल्यांनी वाटले, फोटो आले. पुढे लक्षात आलं की खोक्यामुळे हात अडतात, नळी टाकायला वेळ लागतो आणि संरक्षण होतंच याची खात्री नाही. अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२० मध्ये त्याची तातडीची परवानगी मागे घेतली. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या लोकांनी थिएटरमध्ये कण मोजले तेव्हा दिसलं की नळी टाकताना जेवढे कण उडतात त्याच्या शेकडो पट एका साध्या खोकल्यात उडतात. म्हणजे धोका वॉर्डात खोकणाऱ्या पेशंटजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला जास्त, जिला साधा मास्क दिला होता. हे छापून आल्यावरही कित्येक ठिकाणी दोन केसच्या मधे थिएटर रिकामं ठेवून बसायची पद्धत तशीच चालू राहिली, दिवसाला आठ केस व्हायच्या तिथे तीन झाल्या. आधीचा नियम घाईत करावा लागला ते ठीक, पण नियम बदलायची घाई कुणालाच नव्हती.

एक गोष्ट चांगली झाली. पूर्ण भुलीऐवजी कमरेतून भूल, हातापायाच्या नसा बधिर करणारे ब्लॉक, हे वाढलं. आमच्याकडे काही सर्जनना पूर्वी पेशंट पूर्ण झोपलेलाच हवा असायचा, ते अचानक म्हणायला लागले, मॅडम ब्लॉकमध्ये होतं ना, बघा ना. हे आम्ही कितीतरी वर्षं सांगत होतो.

मूळ मुद्द्यावर येते. थांबवण्याची किंमत कुणी दिली? २१ मे २०२० ला राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांचे ८० टक्के बेड ताब्यात घेतले आणि दर बांधून दिले, साधा वॉर्ड ४ हजार, आयसीयू साडेसात, व्हेंटिलेटरसह ९ हजार. निर्णय म्हणून मी त्याच्या बाजूची आहे, नाहीतर बिलांनी लोकांचं कंबरडं मोडलं असतं, बऱ्याच जणांचं मोडलंही. पण मोठी सरकारी हॉस्पिटलं त्याच्या आधीच कोविडला गेली होती. मुंबईचं नायर एप्रिलमध्ये पूर्ण कोविड झालं, पुण्यात ससूनची नवी इमारत त्यालाच गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत सिव्हिलचं तेच. या हॉस्पिटलांमध्ये एरवी कोण जातं? ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो. ज्याच्याकडे पैसे होते त्याचा पित्ताशय जून-जुलैमध्ये एखाद्या खासगी हॉस्पिटलात निघाला, पीपीईचे आणि टेस्टचे पैसे वेगळे लावून. सुरुवातीला टेस्टच साडेचार हजाराची होती, जूनमध्ये २२०० झाली, ५०० वर यायला मार्च २०२१ उजाडलं. म्हणजे काही महिने असे होते की हायड्रोसीलच्या ऑपरेशनपेक्षा त्याच्या आधीच्या तपासण्या जड जात होत्या. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट मशीन, मुळात टीबीसाठीचं, ते ज्या तालुक्यात पोचलं तिथे तासा-दोन तासांत रिपोर्ट मिळून इमर्जन्सी केस हलायला लागल्या. जिथे नव्हतं तिथे पोट फुगलेला माणूस अँब्युलन्समध्ये रिपोर्टची वाट बघत पडून होता.

मार्केट यार्डातला एक हमाल माझ्या लक्षात आहे. हर्नियाची तारीख मिळाली होती एप्रिल २०२० ची. ती गेली. तो पट्टा बांधून पोती उचलत राहिला, अंगावर काढलं, दुसरं काय करणार, आणि पुढच्या वर्षी आला तेव्हा आतडं अडकून काळं पडलेलं. तासाभराचं काम होतं ते चार तासांचं झालं, कमरेतल्या भुलीत झालं असतं ते पूर्ण भुलीत गेलं, आतड्याचा तुकडा काढला, आणि नंतर आयसीयूचा बेड शोधायला त्याचा भाऊ गावभर फिरला. तो वाचला. पण माझं म्हणणं असं की हा माणूस कुठल्या आकड्यात आला? कोविडच्या नाही, कारण त्याला कोविड नव्हता. रद्द झालेल्या ऑपरेशनच्या यादीत नाही, कारण यादीच नाही.

इंग्लंडमध्ये यादी आहे. तिथे स्पेशालिस्टकडच्या उपचारासाठी ताटकळणाऱ्यांचा आकडा, त्यात ऑपरेशनवालेही आले, दर महिन्याला जाहीर होतो. महामारीच्या तोंडावर तो ४५-४६ लाखांच्या आसपास होता आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ७७ लाखांच्या वर गेला. त्यावरून तिथे सरकारं शिव्या खातात, निवडणुकीत भाषणं होतात. आपल्याकडे लोकसंख्या कितीतरी पट आणि आकडा शून्य, कारण मोजलंच नाही तर शून्यच असणार. भारतात साधारण ५ लाख ८० हजार ऑपरेशनं थांबतील असा जो अंदाज मे २०२० मध्ये पेपरात आला तोही कोव्हिडसर्जवाल्यांनी बाहेर बसून गणिती मॉडेल लावून काढलेला, बारा आठवड्यांच्या व्यत्ययाचा. जगाचा त्यांचा आकडा होता २ कोटी ८४ लाख. आपला व्यत्यय काही बारा आठवड्यांत संपला नाही, दुसरी लाट तर त्यानंतर वर्षभराने आली.

इथे समोरची बाजू येते आणि ती अगदीच टाकाऊ नाही. एक ओळखीचे निवृत्त सर्जन मला म्हणाले, अहो बाई, एवढी ऑपरेशनं बंद होती, त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत, म्हणजे ती लागतच नव्हती. खरं आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्येच बाहेर आलं होतं, ऐन तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, त्यातल्या किती खरोखर काढायला हव्या होत्या कुणास ठाऊक. आमच्या धंद्यात गरज नसलेली ऑपरेशनं होतात, मी त्यांना भूल दिलेली नाही असं छातीठोक सांगू शकत नाही, कुठलाच भूलतज्ज्ञ सांगू शकणार नाही. पण सरसकट बंदीने वाईट ऑपरेशनं गाळली आणि चांगली ठेवली असं झालं का? उलट झालं. ज्याच्याकडे पैसे आणि ओळख त्याचं झालं, गरजेचं असो नसो. कुटुंबनियोजनाचे कॅम्प बंद, मोतीबिंदूचे कॅम्प बंद, आणि त्या बायका, ती म्हातारी माणसं काही गरज नसलेल्या ऑपरेशनसाठी रांगेत नव्हती. ब्रिटनच्या सर्जनांच्या संघटनांनी त्या काळात सोपी प्रतवारी केली, पहिल्या गटाला ७२ तासांच्या आत, दुसऱ्याला महिन्याच्या आत, तिसऱ्याला तीन महिन्यांच्या आत, चौथा त्याहून थांबू शकतो. चाळणी लावायची तर अशी लावता येते, आधी लिहून, सगळ्यांना दिसेल अशी.

दुसरा आक्षेप असा की कोविड नसलेलं हॉस्पिटल ही कल्पनाच फसवी आहे, लक्षणं नसलेले पेशंट येणारच. येणारच. पण ५५ देशांतल्या ९ हजारांवर कॅन्सर पेशंटचा अभ्यास सांगतो की जिथे थिएटर, आयसीयू आणि वॉर्ड कोविडपासून वेगळे ठेवले तिथे ऑपरेशननंतर फुफ्फुसाचा त्रास २.२ टक्क्यांना झाला, जिथे नाही ठेवले तिथे ४.९ टक्क्यांना. शून्य नाही झालं, निम्म्याहून कमी झालं. आमच्या धंद्यात एवढा फरक पडत असेल तर आम्ही नवीन मशीन विकत घेतो, इथे तर फक्त दरवाजे वेगळे करायचे होते.

आणि दुसऱ्या लाटेनंतर म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आला. त्याने सगळं उघडं पाडलं. देशात ४५ हजारांच्या वर केसेस, महाराष्ट्र सगळ्यात वर. म्युकरला नुसतं ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध पुरत नाही, कुजलेला भाग कापून काढावा लागतो, नाकाचे सायनस, वरचा जबडा, कधी डोळा, आणि एकदा नाही, परत परत. कान-नाक-घशाचे सर्जन, दातांचे, डोळ्यांचे, सगळे लागतात, आणि प्रत्येक वेळी आम्ही. तोंड उघडत नाही, आत सूज, काळे थर, नळी टाकणं अवघड, शुगर चारशे, फुफ्फुसं नुकतीच कोविडमधून उठलेली. मार्च २०२१ मध्येच १ लाख ४० हजार पेशंटचा अभ्यास आला होता की कोविड झाल्यावर शक्यतो सात आठवडे ऑपरेशन करू नका, सहा आठवड्यांपर्यंत मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास राहतं आणि सातव्यानंतर परत दीडवर येतं. म्युकरच्या पेशंटला सात आठवडे कुठून देणार? थिएटरं वर्षभर बंद ठेवून आपण शिस्त मोडलेली, औषधं संपवलेली, माणसं थकवलेली, आणि नेमक्या तेव्हा थिएटरचीच साथ आली म्हणा ना. चालत्या थिएटरला हा भार झेपतो, बंद पडलेलं उघडून तो झेपवणं फार अवघड गेलं.

त्यात रेसिडेंट पोरांचं झालेलं नुकसान वेगळंच. सर्जरीचा तीन वर्षांचा कोर्स, त्यातली दीड-दोन वर्षं कोविड वॉर्डात गेली. एमडी-एमएसच्या प्रवेशाची नीट-पीजी ही २०२१ ची परीक्षा जानेवारीऐवजी सप्टेंबरमध्ये झाली आणि काउन्सेलिंग २०२२ च्या जानेवारीत, म्हणजे नवीन बॅच आलीच नाही आणि होत्या त्या दोन बॅचनी तिसऱ्या बॅचचं कामही केलं. भुलीची पोरं उलट व्हेंटिलेटर छान शिकली पण लहान बाळाला भूल देणं, ब्लॉक देणं, हे हातात बसायला केस लागतात, त्या नव्हत्याच. हीच मंडळी आता तालुक्यातालुक्यात कन्सल्टंट म्हणून बसली आहेत. त्यांना कुणी जादाचे सहा महिने ट्रेनिंग दिलं का? पास होऊन गेले, विषय संपला.

मग करायचं काय. माझ्या मते प्रत्येक जिल्ह्यात एक हॉस्पिटल, सरकारी किंवा सरकारने पैसे देऊन घेतलेलं, साथीच्या यादीतून आधीच बाहेर काढून ठेवायला हवं, काही झालं तरी तिथे ऑपरेशनं चालणार, आणि तिथले दोन-तीन भूलतज्ज्ञ कलेक्टरने बोलावलं तरी जाणार नाहीत असा लेखी नियम. कलेक्टरना हे आवडणार नाही, पण तेव्हाच तर नियम लागतो. आयसीयूच्या कामासाठी जास्तीची माणसं तयार करता येतात. ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना बाळंतपणाच्या इमर्जन्सीपुरती भूल द्यायला १८ आठवड्यांचं ट्रेनिंग द्यायची योजना होती, त्यातले कितीतरी डॉक्टर नंतर कधीच भूल द्यायला उभे राहिले नाहीत, कारण पोस्टिंग दुसरीकडे किंवा अडचण आली तर पाठीशी कुणी नाही. त्यांना दरवर्षी महिनाभर चालत्या आयसीयूत बसवलं तर पुढच्या वेळी भूलतज्ज्ञाचे हात थिएटरसाठी मोकळे राहतील. ग्रामीण रुग्णालयात ऑन-कॉल जाणाऱ्या भूलतज्ज्ञाचे पैसे वेळेवर देणं हेही यातच आलं, सहा-सहा महिने बिल अडकत असेल तर साथीत कोण धावेल.

राहिली यादी. महात्मा फुले योजनेत ऑपरेशनच्या आधी ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते, म्हणजे मंजुरी मिळाली आणि ऑपरेशन झालं नाही अशी नावं २०२० पासून सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये पडून असणार, ती काढायला बटण दाबायचंय. जे योजनेपर्यंत पोचलेच नाहीत ते त्यात नसतील, त्यांच्यासाठी ओपीडीतून तारीख देतानाच नोंद हवी. आज प्रत्येक सरकारी थिएटरमध्ये जाडजूड रजिस्टर असतं, त्यात झालेल्या ऑपरेशनची तारीख, सर्जनचं नाव, भुलीचा प्रकार, सगळं असतं, आणि न झालेल्याची एक ओळही नसते. त्यात रद्द, कारण आणि पुढची तारीख असे तीन कॉलम वाढवून महिन्याच्या शेवटी जिल्ह्याचा आकडा जाहीर करायला नवीन कायदा लागत नाही, सिव्हिल सर्जनची सही पुरते.